७३ घोडे आणि चार पोफळी

जपानात छोटी मोटार किती छोटी असावी याचा नियम आहे. १९७६ सालापासून पुढची बरीच वर्षे तो असा होता : लांबी ३.२ मीटर, रुंदी १.४ मीटर आणि इंजिन ५५० सीसी. या मापात बसलात तर कर कमी. आता कर वाचतो म्हटल्यावर माणूस काय करणार नाही! सुझुकीवाल्यांनी इंजिन पुढच्या सीटच्या खाली घातले, ड्रायव्हरला पुढच्या चाकांवर नेऊन बसवले, गाडीला नाक म्हणून जे असते ते कापूनच टाकले, आणि मागे उरलेल्या जागेत बिऱ्हाड मावेल अशी कॅरी नावाची व्हॅन उभी केली. १९८४ मध्ये मारुतीने तीच आपल्याकडे आणली, ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन घालून. १९८८ मध्ये तिची ऑम्नी झाली, २०१९ मध्ये ती बनायची थांबली, आणि मधल्या काळात हिंदी सिनेमातल्या अपहरणांना ती नेमाने हजर राहिली.

सांगायचा मुद्दा, या गाडीत जपान्याने बोटभर जागा रिकामी ठेवलेली नाही. आणि आपला माणूस असा, की दारापर्यंत भरलेल्या कदंब बसमध्ये चढून 'मागे सगळी जागाच जागा आहे, सरका' म्हणणारा. या दोन संस्कृतींची गाठ गोव्यात, आमच्या सावईवेऱ्यातल्या अंगणात पडली.

आमची व्हॅन १९९६ची. दिवसा तिने कुळागरातले, म्हणजे आमच्या बागायतीतले नारळ, सुपारी आणि केळीचे घड वाहायचे, रात्री आमच्या नाटक मंडळाचे पडदे, पेटी, तबला आणि नट. फोंडा तालुक्यात जत्रेला नाटक नसेल तर देव पालखीत बसतो की नाही याची शंका यावी, इतकी आमची उत्सवी रंगभूमी जोरात. मी हायस्कुलात मराठी शिकवतो, म्हणून मंडळात प्रॉम्प्टर. आणि गाडी माझी, म्हणून ड्रायव्हर. एका रात्री ऐतिहासिक नाटक आटोपून परतताना फर्मागुडीच्या चढावर गाडीने मान टाकली. तिचा दोष नाही; तिच्यात दरबारच्या दरबार बसला होता. सगळे उतरले आणि ढकलू लागले. रंग पुसायला कोणाला सवड झाली नव्हती. त्यामुळे फर्मागुडीला, साक्षात शिवाजी महाराजांच्या पुतळ्यासमोर, पहाटेच्या प्रहरी औरंगजेब घामाघूम होऊन मराठी माणसाची गाडी ढकलत होता. आमच्या मंडळाच्या इतिहासातला हा सर्वोत्तम प्रवेश. प्रेक्षक मात्र दोन कुत्री.

या प्रवेशाचा परिणाम माझ्या पुतण्यावर फार झाला. तो फर्मागुडीच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला, त्यामुळे तो चढ त्याने मनाला लावून घेतला.

"काका, आपल्या इंजिनाची ताकद किती? पस्तीस-सदतीस हॉर्सपॉवर. मारुतीच्याच जुन्या ईको व्हॅनचं इंजिन बघा. ११९६ सीसी, चार सिलिंडर, ७३ हॉर्सपॉवर! आणि ईकोतसुद्धा ते सीटखालीच असतं, मागचीच चाकं फिरवतं. म्हणजे आपल्यासाठीच केलंय."

"बसेल का?"

"बसेल हो. जरा इकडे-तिकडे करावं लागेल."

ही 'इकडे-तिकडे'ची भाषा मी ओळखतो. आमच्या सुताराने न्हाणीघराचे दार बसवतानाही हेच म्हटले होते, आणि ते दार अजून स्वयंपाकघराच्या बाजूला उघडते. पण मी काही ठरवायच्या आत पुतण्या बेळगावला जाऊन अपघातात चेपलेल्या गाडीचे इंजिन घेऊन आला. टेम्पोतून ते आमच्या पडवीत उतरले. त्याच्यावर घालायला ताडपत्री सापडेना, म्हणून मंडळाचा राजदरबाराचा जुना पडदा घातला. सोनेरी खांबांच्या महिरपीखाली ते विराजमान झाले.

मेस्त, म्हणजे आमचा मेकॅनिक, गावातलाच. शेतीपंपापासून देवळाच्या जनरेटरपर्यंत सगळ्यांच्या पोटात हात घातलेला, आणि बोलायला अत्यंत काटकसरी. त्याने पडदा उचलला, इंजिनाकडे पाहिले, मग व्हॅनची सीट उचलून खालच्या खळग्याकडे पाहिले, खिशातून दोरी काढून दोन्ही मापे घेतली आणि म्हणाला, "पळोवया, मास्तर."

याच्या पलीकडे पुढच्या सगळ्या काळात त्याने मला काहीही सांगितले नाही.

जुने इंजिन उतरवणे हा या प्रकरणातला सगळ्यात सुखाचा भाग. या गाडीचे इंजिन वरून निघत नाही, खालून उतरते. म्हणून गाडीच वर उचलायची. अंगणाच्या कडेला कंपाउंडसाठी आणलेले चिरे पडून होते. त्यांची चवड रचून त्यावर गाडी चढवावी असे मेस्ताचे मत. चिरा दाबाने फुटतो यावर पुतण्याने त्याला एक लेक्चर दिले. मेस्ताने ते शांतपणे ऐकून घेतले आणि मांगरातून, म्हणजे बागेतल्या खोपटातून, जुन्या घराचे तासलेले वासे आणून गाडीखाली दिले. मग चेनपुली, मग नटबोल्ट. सत्तावीस-अठ्ठावीस पावसाळे पाहिलेला नट पान्याने सुटत नाही. त्याला आधी तेल पाजायचे, मग हातोडीने हळूहळू ठोकायचे, मग शिव्या द्यायच्या आणि शेवटी कापायचा. इंजिन खाली आले तेव्हा ते आणि गाडीचा पत्रा यांच्यामधल्या फटीत इतक्या वर्षांचा ऐवज निघाला : पंचवीस पैशांची नाणी, सुपारीची खांडे, देवीच्या ओटीतला एक खण, आणि ग्रीसमध्ये मुरलेली एक दाढी. ही दाढी हरवली म्हणून एका प्रयोगात आमचे शहाजीराजे तोंडाला उपरणे गुंडाळून दात दुखत असल्यासारखे बोलले होते. बायकोने ती चिमट्याने उचलून केराच्या टोपलीत टाकली. मंडळाच्या मालमत्तेचा असा निकाल लागलेला मला आवडला नाही, पण वास येत होता.

जुने गेले, आता नवे. ते दोन बोटे जास्त भरले. फक्त दोन बोटे. पण ती जपानी दोन बोटे. पुढे सरकवावे तर चासीचा आडवा पत्रा, मागे सरकवावे तर गिअरबॉक्स अडतो, खाली सोडावे तर आमच्या पायवाटेवरचे दगड पहिल्याच फेरीला तेलाची टाकी फोडणार. उरली वरची दिशा. वर सीट. म्हणजे सीट उचलायची.

तेवढ्यात गिअरबॉक्सचीही गोष्ट निघाली. इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्स घातला की मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट मापात बसत नाही. तो कापून, जोडून, बॅलन्स करून घ्यावा लागतो. नाहीतर गाडी वेग घेताच खालून थरथरायला लागते. त्यासाठी बेळगावचे उद्यमबाग गाठायचे. पुतण्या शाफ्ट चादरीत गुंडाळून बसने निघाला. चोर्ला घाटाच्या नाक्यावर पोलिसाने चादर सोडली, नळी पाहिली, बोटाने वाजवून पाहिली आणि आतून पोकळ आवाज येताच विचारले, "ह्याच्यात किती बाटल्या?" गोव्यातून बाहेर जाणारी पोकळ वस्तू ही फेणीची असते, या अनुभवाला पुतण्याच्या इंजिनिअरिंगकडे उत्तर नव्हते. शेवटी त्याने शाफ्टच्या एका टोकाला डोळा लावायला दिला. शाफ्टची टोके बंद असतात. त्यामुळे संशय वाढला.

याच सुमारास माझे कायद्याकडे लक्ष गेले. इंजिन आधी आले, कायदा मागून, हा आमच्या घरातला क्रम. सरकारी कार्यालयात खिडकीपलीकडे बसलेला माझाच जुना विद्यार्थी निघाला. वर्गात त्याला कधी एक ओळ सलग वाचता आली नाही. आता मात्र त्याने मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ असे खणखणीत वाचले, की मला त्याचे मागचे गुण वाढवावेसे वाटले. तात्पर्य असे : कंपनीने जे मूळ ठरवले आणि आरसीत जे लिहिले, त्याहून गाडी वेगळी करायची नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले आहे. त्याच जातीचे इंजिन असेल तर अर्ज करा, बघू. सातशे शहाण्णवच्या जागी अकराशे शहाण्णव? नाही.

"सर, एक सवलत आहे," तो मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला. "ज्याच्याकडे दहा ट्रान्सपोर्ट वाहनं आहेत, त्याला राज्य सरकार इंजिन बदलायला सरसकट परवानगी देऊ शकतं. पण तेही त्याच मेकचं, त्याच टाइपचं."

"माझ्याकडे एक आहे. म्हणजे आणखी नऊ."

"नाही सर. तुमची खासगी. दहाच लागतील."

मी घरी येऊन सभा घेतली. पुतण्या हटेना. आरसीची मुदत संपतच आली होती. ती वाढवायची नाही, गाडी रस्त्यावर आणायची नाही, फक्त आपल्या कुळागरात फिरवायची, असा तोडगा निघाला. म्हणजे जे इंजिन फर्मागुडीचा चढ चढायला आणले, ते फर्मागुडी कधीच बघणार नाही. ही विसंगती मी बोलून दाखवली. पुतण्या म्हणाला, "काका, प्रश्न आता चढाचा नाहीये."

खरेच नव्हता. प्रश्न आता चतुर्थीचा होता. घर सारवून, वर फळापानांची माटोळी बांधून गणपती बसायचा, आणि शेजारी पडवीत दरबार. इंजिन हलवायला चेनपुली हवी, चेनपुली टांगायला आढे हवे, आणि त्या आढ्याला बायकोने माटोळीची निरफणसे, तोरींजन आणि सुपारीचे कात्रे बांधलेले. ती म्हणाली, "अहो, त्याला पण एक तोरण बांधा." चतुर्थीला गोव्यातले माणूस सगळ्यांच्या घरी जाते. दर्शन घेणारा प्रत्येकजण प्रसादाची वाटी घेऊन पडवीत यायचा, पडदा उचलायचा आणि विचारायचा, "मायलेज किती?" बसवलेले नाही, असे सांगितले तरी, "तरी पण?" यातल्या प्रत्येकाचा एक भाचा होता, आणि त्या भाच्याने पूर्वी कुठल्यातरी गाडीत कुठलेतरी इंजिन घालून पाहिले होते. भाच्यांपैकी एकाचीही गाडी आता चालत नाही, पण सल्ले चालतात.

पुढच्या अडचणी विजेच्या. जुन्या कार्बोरेटरला पेट्रोल नुसते पोचले तरी तो भागवून घ्यायचा. नव्या इंजेक्शनला ते दाबाने लागते, म्हणून टाकीत विजेचा पंप. पंप बसवला, वायरी जोडल्या, चावी फिरवली. इंजिन एकदा खोकले आणि गप्प. डॅशवर जोडलेला एक दिवा लुकलुकत राहिला. पुतण्याने शोधले तेव्हा कळले, की या इंजिनाचा मेंदू म्हणजे ईसीयूची पेटी, आणि ती स्वतःच्या चावीतली चिप ओळखल्याशिवाय पेट्रोल सोडत नाही. चोराने गाडी नेऊ नये म्हणून ही सोय. विकणाऱ्याने इंजिन दिले, पेटी दिली. चावी मात्र दिली नव्हती. आम्ही आमच्याच गाडीचे चोर ठरलो. मेस्ताला हे पटवणे अवघड गेले. ज्याला पान्याने खोलता येत नाही, अशा वस्तूने माणसाला ओळख विचारावी, हे त्याच्या धर्मात बसत नव्हते. अखेर पुतण्याने कोल्हापूरहून जुळणारी पेटी, चावी आणि कुलूप असा एकाच गाडीतला संच मिळवला.

इंजिन चालू झाले तेव्हा घरातले सगळे अंगणात आले. आवाज असा स्वच्छ, की मेस्ताने पहिल्यांदा आपणहून वाक्य बोलले : "बरें आसा."

मी चालवायला बसलो आणि डोके छताला लागले. सीट उचलली होती ना! मान वाकडी करून बसलो तर समोरचा रस्ता तिरपा दिसे. पुतण्या माझ्याहून उंच, मेस्त त्याच्याहून. एकेकाने बसून पाहिले. प्रत्येकजण विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवल्यासारखा दिसत होता. तेव्हा बायकोने पदर खोचला, आत शिरली, आणि कोणाला काही विचारायच्या आत क्लच दाबला. तिच्या डोक्यावर चार बोटे जागा उरत होती. ज्या गाडीसाठी मी, पुतण्या आणि मेस्त मिळून एक अख्खा सुपारीचा हंगाम घालवला, ती आमच्या घरात फक्त एकाच व्यक्तीला चालवता येते, आणि त्या व्यक्तीने त्या काळात आम्हाला चहासुद्धा मोजून दिला होता.

आता रोज सकाळी ती ७३ हॉर्सपॉवर घेऊन कुळागरात जाते. पाटाच्या कडेने, मिरीच्या वेली चुकवत, नारळ भरून परत येते. वाट अशी, की दुसरा गिअर पडला तर सण. तिसरा, चौथा आणि पाचवा आहेत असे पुतण्या सांगतो.

त्याला हे सहन होईना. परवा तो टेप घेऊन वाट मोजत होता. चार पोफळी काढल्या तर मांगरापासून विहिरीपर्यंत सरळ पट्टा निघतो, तिसरा गिअर टाकता येईल, असा त्याचा हिशेब. आईने हे पडवीतून ऐकले. ती काठी टेकत वाटेवर आली आणि पहिल्या पोफळीला टेकून उभी राहिली.

"ह्या माझ्या सासऱ्यांनी लावल्या आहेत. ह्यांना हात लावायचा असेल, तर आधी मला त्या गाडीत घालून काशीला सोडून ये."

"आजी," पुतण्या म्हणाला, "गाडीला रस्त्यावर परवानगी नाही."