दक्षिण मुंबई देवरांची जहागीर? काका, आधी नकाशा बघा

परवा आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी एक फॉरवर्ड टाकला, खाली "सत्य इतिहास, सगळ्या ग्रुपवर पाठवा" आणि हात जोडलेले तीन इमोजी. तोच मग ऑफिसच्या ग्रुपवर आला, तोच मावसभावाने पाठवला. मजकूर थोडक्यात असा: दक्षिण मुंबई १९५२ पासून काँग्रेसची आणि देवरा घराण्याची जहागीर, मधे एकदा जॉर्ज फर्नांडिसचा तुक्का लागला तेवढाच, इथला खासदार मलबार हिलचे शेठ ठरवतात, पहिला मराठी खासदार २०१४ ला मोदी लाटेत आला, आणि इथली पब्लिक मतदानाला जातच नाही. आता काकांना ग्रुपवर उलट बोलणं बरं दिसत नाही, मोठे आहेत, गणपतीची वर्गणी तेच जमवतात. म्हणून इथे लिहितोय. काका वाचतीलच.

पहिलं ते जहागिरीचं. मुरलीभाई देवरा इथून पहिल्यांदा निवडून आले १९८४ ला, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत. म्हणजे १९५२ पासूनची ३२ वर्षं देवरा नावाचा इथे खासदारच नव्हता, जहागीर कुठून आली? १९५२ ते २०२४ लोकसभेच्या १८ निवडणुका झाल्या, त्यात काँग्रेस जिंकली १० वेळा, बाकीचे ८ वेळा. देवरा बाप-लेकाच्या वाट्याला सहा, मुरलीभाई चार आणि मिलिंद दोन. १९७७ ला जनता लाटेत रतनसिंह राजदा आले ते समजू शकतो, पण १९८० ला इंदिराबाई देशभर परत आल्या तेव्हाही इथे राजदाच! आणि तेव्हा मुंबईच्या सहापैकी काँग्रेसला मिळाली फक्त दक्षिण मध्यची एक सीट. नंतर तर मजाच आहे, १९९१ ला मुरलीभाई, ९६ ला भाजपच्या जयवंतीबेन मेहता, ९८ ला परत मुरलीभाई, ९९ ला परत जयवंतीबेन, २००४ ला मिलिंद, ते पण जेमतेम दहा हजारांनी. दर निवडणुकीला खासदार बदलतोय आणि आपण म्हणायचं बालेकिल्ला.

आता जॉर्जचा तुक्का, म्हणजे १९६७ ला त्यांनी इथे काँग्रेसच्या स. का. पाटलांना पाडलं ते. हे वाचून माझे वडील असते तर चप्पल घेऊन मागे लागले असते. स. का. पाटील म्हणजे काय होते हे आधी समजून घ्या, तीन वेळा मुंबईचे महापौर, इथून ओळीने तीन वेळा खासदार, १९६७ ला केंद्रात रेल्वेमंत्री, काँग्रेसला पैसा कुठून येतो हे ज्यांना विचारावं लागायचं ते हे पाटील, मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणायचे त्यांना. मला देवसुद्धा हरवू शकत नाही असं ते बोलले आणि जॉर्जच्या पोरांनी ते वाक्य पकडून, पाटलांना तुम्ही हरवू शकता, असं भिंतीभिंतीवर लावलं अशी आठवण सांगतात. पण नुसत्या भिंती रंगवून रेल्वेमंत्री पडत नाही. जॉर्ज त्याआधी कित्येक वर्षं या शहरात टॅक्सीवाले, म्युनिसिपालिटीचे कामगार, बेस्टवाले यांच्या युनियन बांधत होते, १९६१ पासून पालिकेत नगरसेवक होते. टॅक्सीवाला दिवसभर शंभर माणसांशी बोलतो, विचार करा प्रचार काय झाला असेल. याला तुक्का म्हणायचं तर मग सगळंच तुक्का. पाटलांना नंतर लोकसभेत जायला पार गुजरातच्या बनासकांठामधून पोटनिवडणूक लढवावी लागली.

आणि इथेच तो मराठी खासदाराचा मुद्दा पण निकालात निघतो. कारण स. का. पाटील, सदाशिव कानोजी पाटील, हे आमच्या कोकणातले, झारापचे, सावंतवाडी संस्थानातले. म्हणजे पहिलाच खासदार मालवणी मुलखातला! फॉरवर्ड लिहिणाऱ्याला बहुतेक ते मराठी वाटत नसावेत कारण संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी हे गृहस्थ उभे होते पलीकडच्या बाजूला, १९५५ च्या नोव्हेंबरात मोरारजींबरोबर चौपाटीवर सभा घेतली आणि लोकांनी ती उधळून लावली. राग ठेवा, आमच्या घरी पण होता, पण म्हणून माणूस मराठी नव्हता असं होत नाही ना. उलट गंमत बघा, १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीची एवढी लाट, गिरणगावाने, म्हणजे लालबाग-परळच्या गिरणी कामगारांच्या पट्ट्याने, कॉम्रेड डांग्यांना ढिगाने मतं देऊन दिल्लीला पाठवलं, आणि त्याच निवडणुकीत दक्षिणेत पाटील टिकले. एकाच शहरात, दोन-तीन मैलांच्या अंतरावर. का, तर तेव्हाची दक्षिण मुंबई आणि गिरणगाव हे दोन वेगळे मतदारसंघ होते.

हाच माझा मेन मुद्दा आहे, आणि फॉरवर्डमध्ये याचा पत्ताच नाही. नाव तेच राहिलं, आतला माल बदलला.

आमचं घर लालबागला. आधी चाळ होती, आता टॉवर झाला, पण जागा तीच. २००४ पर्यंत आमचा मतदारसंघ दक्षिण मध्य, खासदार मोहन रावले, परळ ब्रँड शिवसैनिक, ओळीने पाच वेळा. त्याआधी ८४ ला, राजीव गांधींची एवढी लाट असताना, गिरणी संपात होरपळलेल्या याच पट्ट्याने संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंतांना अपक्ष निवडून दिलेलं. २००९ ला मतदानाची चिठ्ठी घरी आली त्यावर लिहिलेलं ‘मुंबई दक्षिण’. आई चष्मा लावून दोनदा वाचते आणि म्हणते, "अरे, आपण कुलाब्याला कधी राहायला गेलो?" तिला वाटलं नावात घोळ झाला. शाळा तीच म्युनिसिपालिटीची, खोली तीच, भिंतीवरचे पाढे पण तेच, फक्त मतदारसंघ दुसरा. २००८ च्या पुनर्रचनेत झालं ते असं की जुन्या दक्षिण मुंबईत कुलाबा, मलबार हिल, ऑपेरा हाऊस, खेतवाडी, मुंबादेवी, उमरखाडी हे सहा विधानसभा मतदारसंघ होते, म्हणजे बाजारपेठा, पेढ्या, समुद्राकडचे बंगले आणि डोंगरी. नव्या नकाशात खेतवाडी, ऑपेरा हाऊस, उमरखाडी ही नावंच गेली आणि वरून वरळी, शिवडी, भायखळा आत आले. म्हणजे अर्धं गिरणगाव कुलाब्याला बांधलं. ज्या मतदारसंघात शेअर बाजार होता त्यात आता बीडीडी चाळीपण आल्या.

मग २००९ ला मिलिंद देवरा जिंकलेच ना, असं काका म्हणतील. जिंकले, पण आकडे बघा. देवरा २ लाख ७२ हजार, मनसेचे बाळा नांदगावकर १ लाख ५९ हजार, शिवसेनेचे रावले १ लाख ४६ हजार. दोन ठाकरे भावांच्या पक्षांची बेरीज करा, तीन लाखाच्या वर जाते. नव्या नकाशाने काँग्रेसची सीट तेव्हाच घेतली होती, फक्त घरातलं भांडण होतं म्हणून निकाल दिसला नाही. २०१४ ला सेनेचे अरविंद सावंत सव्वा लाखाच्या वर लीड घेऊन आले त्याला मोदी लाट होतीच, नाही कोण म्हणतंय, पण २०२४ ला हेच सावंत उद्धव ठाकरेंच्या सेनेची मशाल घेऊन मोदींच्या युतीच्या विरोधात लढले आणि ५२ हजारांनी जिंकले. लाट उलटी फिरवून पण तोच माणूस? लाटेपेक्षा नकाशाचं काम जास्त आहे इथे.

शेठ ठरवतात म्हणे. २०१९ ला खुद्द मुकेश अंबानींनी मिलिंद देवरांच्या बाजूने व्हिडिओत बोलून दाखवलं, देशातला त्याच्यापेक्षा मोठा शेठ कुठून आणणार, आणि देवरा लाखभर मतांनी पडले. समोर कोण, तर हेच सावंत, एमटीएनएलमध्ये नोकरी केलेला युनियनवाला. २००९ ला २६/११ नंतर मेणबत्त्या, टीव्हीवर चर्चा, आता सुशिक्षित उमेदवार हवा, आणि मीरा सान्याल बँकेतल्या मोठ्या नोकरीतून रजा घेऊन अपक्ष उभ्या राहिल्या, बाई चांगल्या होत्या, मनापासून फिरल्या पण, मतं पडली दहा हजारांच्या आसपास. २०२४ ला सावंतांच्या समोरच्या, शिंदेंच्या सेनेच्या यामिनी जाधव मलबार हिल आणि कुलाब्यात पुढे होत्या, बाकी चार ठिकाणी मागे, भायखळ्यात तर स्वतः आमदार असून मागे. म्हणजे टेकडीवरचे एकीकडे आणि निकाल दुसरीकडे. जुन्या नकाशात व्यापाऱ्यांचं वजन नक्की होतं, मुरलीभाई, जयवंतीबेन, राजदा, सगळ्यांना त्या बाजारातूनच मतं मागावी लागायची, तेवढं मान्य. पण ती गोष्ट २००४ ला संपली.

राहिला मतदानाचा मुद्दा. यात काका अर्धे बरोबर आहेत. २००९ ला ४० टक्के कसंबसं झालं, ती लाजच होती. २०२४ ला ५० च्या आसपास गेलं आणि कुलाबा तेव्हाही ४४ च्या आत-बाहेरच. पण "इथली पब्लिक" म्हणून सगळ्यांना एका पोत्यात घालू नका. त्या २० मेला सोमवार होता, अर्धी बिल्डिंग सुट्टीत गावाला, ऊन असं की डांबर चिकटत होतं, आणि आमच्या शाळेबाहेर रांग गेटाबाहेर फुटपाथवर आलेली. आईला गुडघ्यामुळे प्लास्टिकची खुर्ची दिली होती कोणीतरी, रांग पुढे सरकली की ती उठायची, खुर्ची दोन पावलं पुढे ओढायची आणि परत बसायची. दीड तास. तिच्या मागे चार नंबर सोडून आमचे हेच काका उभे होते, टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन.