काऊंटीच्या मॅरेज लायसन्सबद्दल फिरणारा फॉरवर्ड आणि प्रत्यक्ष नियम

कॅलिफोर्नियातल्या मराठी ग्रुपांवर लग्न ठरलेल्यांसाठी एक फॉरवर्ड फिरत असतो. थोडक्यात तो असा: ‘काऊंटीतून (म्हणजे जिल्हा कार्यालयातून) मॅरेज लायसन्स आणलं की कायद्याने लग्न झालं. मंदिर ज्या काऊंटीत, तिथलंच लायसन्स लागतं. सोशल सिक्युरिटी नंबर आणि रक्ततपासणी लागते. गुरुजी काऊंटीकडे नोंदलेले हवेत. कॉन्फिडेन्शियल (गोपनीय) लायसन्स घ्या, साक्षीदाराची कटकट नाही. नाव नंतर कधीही बदलता येतं. पुण्यातल्या लग्नाची तारीखच सगळीकडे द्या. घरी आलेल्या सर्टिफिकेटची नोटरीकडून ट्रू कॉपी करून घ्या, भारतात चालते.’ यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्यातल्या दोन चुका नंतर सहजासहजी दुरुस्त होत नाहीत.

‘लायसन्स आणलं की लग्न झालं.’

नाही. लायसन्स ही फक्त लग्न लावण्याची परवानगी आहे आणि ती 90 दिवस चालते. त्या मुदतीत लग्न लागलं पाहिजे, लग्न लावणाऱ्याने आणि साक्षीदाराने त्याच कागदावर सह्या केल्या पाहिजेत, आणि लग्नानंतर 10 दिवसांत तो कागद लायसन्स देणाऱ्या काऊंटीकडे परत गेला पाहिजे. तो परत पाठवण्याची जबाबदारी लग्न लावणाऱ्याची असते. इथेच गाडी अडते. भारतातून आलेले गुरुजी सही करून विमानात बसतात, आणि कागद कुणाच्या तरी बॅगेत राहतो. मग महिन्याभराने सर्टिफिकेट मागायला जावं, तर नोंदच नसते. गुरुजींची सही झाली की कागद कोण पोचवणार, हे लग्नाआधीच ठरवून ठेवा. कागद हरवला तर डुप्लिकेट लायसन्स मिळतं, पण मूळ लायसन्स दिल्यापासून वर्षभराच्या आतच.

हा कागद काळ्या शाईने भरायचा. खाडाखोड नको, व्हाइटनर तर नकोच. तारीख अमेरिकन पद्धतीने, महिना आधी. 5 ऑगस्टचं लग्न सवयीने 05/08 असं लिहिलं गेलं तर ते 8 मे होतं, म्हणजे कित्येकदा लायसन्स मिळण्याच्याही आधीची तारीख. असा कागद काऊंटी परत पाठवते. गुरुजींना आधी एका कोऱ्या कागदावर सगळं लिहून दाखवा: तारीख, गाव, काऊंटी, त्यांचं नाव, पत्ता, पद.

‘मंदिराच्या काऊंटीतलंच लायसन्स हवं.’

सांता क्लारा काऊंटीचं लायसन्स घेऊन अलामेडा काऊंटीतल्या लिव्हरमोरच्या शिव-विष्णू मंदिरात लग्न लावता येतं. कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही काऊंटीचं साधं, म्हणजे पब्लिक लायसन्स राज्यभर चालतं. फक्त ते परत करायचं ते मूळ काऊंटीकडे. हा गैरसमज बहुधा इलिनॉयवरून आला असावा. तिथे खरोखरच लायसन्स देणाऱ्या काऊंटीतच लग्न लावावं लागतं. न्यू जर्सीत तर काऊंटीचा संबंधच नाही, गावाच्या रजिस्ट्रारकडे जायचं, सोबत साक्षीदार न्यायचा आणि 72 तास थांबायचं. टेक्सासमध्ये काऊंटी क्लर्क लायसन्स देतो, पण तिथेही 72 तासांची अट आहे. कॅलिफोर्नियात थांबावं लागत नाही. लग्नाचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे असतात, म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनच्या चुलतभावाचा सल्ला कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला लागू होत नाही.

‘सोशल सिक्युरिटी नंबर, रक्ततपासणी, नोंदलेले गुरुजी.’

तिन्ही नकोत. रक्ततपासणीची अट कॅलिफोर्नियाने 1990च्या दशकातच काढून टाकली. ओळखीसाठी मुदतीतला पासपोर्ट पुरतो. आधी घटस्फोट झाला असेल तर तो कधी अंतिम झाला याची तारीख लागते, काही काऊंट्या निकालाची प्रतही मागतात. गुरुजी कुठल्याही धर्माचे अधिकृत पुरोहित आणि 18 वर्षांवरचे असले की झालं. काऊंटीकडे नोंदणी लागत नाही. मात्र वधू-वर दोघंही क्लर्कसमोर हजर हवेत. ऑनलाइन अर्ज भरल्याने वेळ वाचतो, तेवढ्याने लायसन्स मिळत नाही. कुलमुखत्यारपत्रावर दुसऱ्याने उभं राहण्याची सवलत फक्त परदेशात युद्धावर असलेल्या सैनिकांसाठी आहे.

‘कॉन्फिडेन्शियल घ्या.’

साक्षीदार लागत नाही हे खरं. पण ‘आम्ही आधीपासून पती-पत्नीसारखे एकत्र राहतो’ असं त्यासाठी शपथेवर सांगावं लागतं. एकत्र राहत नसाल तर ते खोटं ठरतं. शिवाय या नोंदीची प्रत फक्त त्या दोघांनाच मिळते, बाकी कुणालाही कोर्टाच्या आदेशाशिवाय नाही. पब्लिक नोंदीची अधिकृत प्रत आई-वडील, भावंडं, मुलं यांनाही काढता येते. उद्या तुम्ही नाशिकला असाल आणि सॅन होजेतल्या बहिणीने प्रत काढून पाठवावी असं वाटलं, तर पब्लिकच घेतलेलं असावं लागतं. एका साक्षीदाराची सही वाचवण्यासाठी ही सोय घालवू नका.

‘नाव नंतर कधीही बदला.’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. कॅलिफोर्नियाच्या नेम इक्वॅलिटी ॲक्टनुसार लग्नानंतरचं नाव लायसन्सच्या अर्जातच लिहायचं असतं. त्या वेळी रकाना रिकामा ठेवला, तर नंतर दुरुस्तीच्या अर्जाने नवं नाव घालता येत नाही. कोर्टात जावं लागतं.

आपल्याकडची पद्धत तर या कायद्यात बसतच नाही. समजा, वधूचं पासपोर्टवरचं नाव मीरा प्रकाश जोशी आणि वर अमित कुलकर्णी. लग्नानंतर तिला मीरा अमित कुलकर्णी व्हायचंय. आडनाव कुलकर्णी करता येईल. मधलं नाव अमित करता येणार नाही. मधल्या नावासाठी कायदा मोजकेच पर्याय देतो: दोघांपैकी कुणाचं सध्याचं किंवा जन्माचं आडनाव, किंवा आपलं सध्याचं मधलं नाव आणि अशा एखाद्या आडनावाची जोडणी. नवऱ्याचं पहिलं नाव त्यात कुठेच नाही. म्हणजे मीरा जोशी कुलकर्णी चालेल, मीरा प्रकाश कुलकर्णी चालेल, मीरा अमित कुलकर्णी नाही. पहिलं नावही या मार्गाने बदलत नाही. सासरी नाव बदलायची प्रथा पाळायची असेल तर ती घरात पाळा, अर्जात नको.

भारतीय पासपोर्टवर वडिलांचं नाव बऱ्याचदा ‘गिव्हन नेम’मध्येच पहिल्या नावाला जोडलेलं असतं. अर्जात कुठला शब्द पहिला आणि कुठला मधला, हे क्लर्कसमोर स्पष्ट करा. सही करण्याआधी अक्षर न् अक्षर पासपोर्टशी ताडून पाहा. पुढे सोशल सिक्युरिटी, ड्रायव्हिंग लायसन्स, बँक, पासपोर्ट सगळीकडे हेच स्पेलिंग जाणार आहे.

‘पुण्यातल्या लग्नाची तारीखच द्या.’

व्हिसासाठी मार्चमध्ये इथे कायदेशीर लग्न आणि डिसेंबरमध्ये पुण्यात अक्षता, असं पुष्कळ जण करतात. त्यात काही वावगं नाही. पण कायद्याच्या दृष्टीने लग्न मार्चमध्येच झालेलं असतं. एका फॉर्मवर मार्च आणि पुढच्यावर डिसेंबर लिहिलं की ग्रीन कार्डच्या मुलाखतीत उत्तरं द्यावी लागतात. ग्रीन कार्ड मिळतं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील तर ते सशर्त मिळतं, म्हणजे तारखेने थेट फरक पडतो. करासाठीही 31 डिसेंबरची स्थिती धरतात. त्या दिवशी विवाहित असाल तर पूर्ण वर्ष विवाहित.

त्याहून गंभीर म्हणजे पुण्यात महापालिकेत त्याच जोडप्याचं नव्याने विवाह नोंदवणं. महाराष्ट्राच्या 1998च्या विवाह नोंदणी कायद्यातल्या ‘नमुना ड’मध्ये लग्नाच्या वेळची वैवाहिक स्थिती विचारलेली असते. तिथे ‘अविवाहित’ लिहिलं की ते असत्य विधान होतं, कारण तुम्ही आधीच एकमेकांशी विवाहित असता. सप्तपदी, गृहप्रवेश, जेवणावळी सगळं मनासारखं करा. नोंद मात्र एकच ठेवा.

‘नोटरीची ट्रू कॉपी भारतात चालते.’

कॅलिफोर्नियातल्या नोटरीला विवाह नोंदीची प्रत प्रमाणित करण्याचा अधिकारच नाही. आणि लग्नाच्या दिवशी हाती पडणारं सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट हे स्मरणचिन्ह आहे. लागते ती सर्टिफाइड कॉपी, म्हणजे काऊंटीने प्रमाणित केलेली प्रत. ती आपोआप घरी येत नाही, नोंद झाल्यावर फी भरून मागावी लागते. पब्लिक नोंदीची प्रत काऊंटी रेकॉर्डरकडे, कॉन्फिडेन्शियलची काऊंटी क्लर्ककडे. अर्ज करताना ‘ऑथराइज्ड’ प्रतच निवडा. ‘इन्फर्मेशनल’ प्रतीवर ती ओळखीसाठी ग्राह्य नसल्याचं ठळक छापलेलं असतं. टपालाने मागवताना शपथपत्रावर नोटरीचा शिक्का लागतो, प्रत्यक्ष गेलात तर समोरच सही चालते.

भारतासाठी त्या सर्टिफाइड कॉपीवर ॲपोस्टिल, म्हणजे कागद अस्सल असल्याचं परदेशात मानलं जाणारं प्रमाणपत्र, घ्यायचं. भारत 2005 पासून ॲपोस्टिल करारात आहे, त्यामुळे वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. ॲपोस्टिल सॅक्रामेंटोचं सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालय देतं, फी प्रत्येकी 20 डॉलर. टपालाने पाठवताना कागद कुठल्या देशासाठी हे पत्रात लिहावं लागतं. झेरॉक्सवर ॲपोस्टिल मिळत नाही. पहिल्याच वेळी तीन-चार प्रती काढा: एक ॲपोस्टिलसाठी, एक नाव बदलण्याच्या कामांसाठी, बाकीच्या घरात.