‘पुण्यात खाऱ्या पाण्याची टाकी जगत नाही’: फिरत्या मजकुराला उत्तर

मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. लिहिणारा कोण हे कुणालाच ठाऊक नसतं, पण पुढे पाठवणारा प्रत्येकजण तो ‘अनुभवी माणसाचा सल्ला’ म्हणून पाठवतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पुण्यात समुद्राचं पाणी मिळत नाही. खर्च लाखाच्या घरात जातो. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) नसेल तर मासे आठवडाभरात मरतात आणि चिलर (पाणी गार करणारं यंत्र) नसेल तर उन्हाळ्यात मरतात. समुद्रशेवाळ लावलंच, तर ते एका रात्रीत विरघळून टाकी नासवतं. आणि प्रवाळ नसेल तर तिला मरीन टँक म्हणायचं तरी कशाला? शेवटचा सल्ला: गप्पी पाळा आणि गप्प बसा.

यातल्या बहुतेक वाक्यांत थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर मजकूर टिकून आहे. पण ते खरं प्रवाळाच्या टाकीबद्दलचं आहे. शेवाळाची टाकी, म्हणजे समुद्रशेवाळ आणि मोजके मासे असलेली खारी टाकी, जवळजवळ उलट्या नियमाने चालते. रीफवाले, म्हणजे प्रवाळ पाळणारे, पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट नाहीसं करायला धडपडतात. शेवाळवाल्याला ते दोन्ही हवं असतं, कारण तेच शेवाळाचं खत. हा फरक न पाहता एकीचे नियम दुसरीला लावले की असले मजकूर तयार होतात.

आधी पाण्याचं बघू. समुद्राच्या एका किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं जेमतेम २७ ग्रॅम आपलं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. उरलेल्या आठेक ग्रॅमांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर बारीकसारीक. स्वयंपाकघरातलं मीठ का चालत नाही, याचं उत्तर या आठ ग्रॅमांत आहे. दोष आयोडीनचा नाही. मिठागरात मीठ धरतं तेव्हा मॅग्नेशियम बरंचसं मागे उरलेल्या कडू पाण्यातच राहतं. म्हणून जाडं मीठ विरघळवलं की खारं पाणी होतं, समुद्राचं पाणी होत नाही. दुकानात मिळणाऱ्या सॉल्ट मिक्समध्ये हे सगळं प्रमाणात घातलेलं असतं.

आणि ही काही कालची युक्ती नाही. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड यांतून समुद्राचं पाणी घडवलं आणि त्यात समुद्रशेवाळ जगवून दाखवलं. तेही लंडनसारख्या शहरात बसून. पुण्याला एवढं नाउमेद व्हायचं कारण नाही.

उलट आपल्याकडे एक सोय आहे. खडकवासल्याहून येणारं नळाचं पाणी मृदू असतं, त्यामुळे त्यात क्षार मिसळले की हिशेब बराचसा सरळ लागतो. क्लोरीन मात्र घालवायलाच हवं. अँटीक्लोरीनचे थेंब टाका किंवा पाणी एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) लावून दिवसभर ठेवा. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर ते टाळा. ते जड असतं आणि दर टँकरला बदलतं. घरचा आरओ चालतो, पण चव यावी म्हणून त्यात क्षार परत मिसळणारी सोय असते. त्यामुळे टीडीएस पेन (विरघळलेले क्षार मोजणारं) बुडवून आकडा बघा.

अलिबागहून कॅन भरून आणणारेही भेटतात. हौस म्हणून ठीक. पण खाडीच्या तोंडाजवळचं पाणी पावसाळ्यात पातळ होतं, किनाऱ्यालगत गाळ असतो, आणि बंद कॅनमध्ये त्यातले सूक्ष्म जीव घाट चढेपर्यंत मरायला लागतात. त्यापेक्षा बादली, सॉल्ट मिक्स आणि क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर बरा. घनता १.०२५ च्या आसपास आली की झालं.

आता खर्च. लाख रुपये कुठे जातात ते पाहा: प्रवाळासाठीचे महागडे दिवे, चिलर, स्किमर, खाली संप (यंत्रं ठेवायची जोडटाकी), कॅल्शियम सोडणारे डोसिंग पंप. शेवाळाच्या दोन फुटी टाकीला यातलं काहीही लागत नाही. तिला काच, चांगला पांढरा एलईडी, पाणी फिरवायला एक छोटा पावरहेड, एअर पंप, थोडी वाळू आणि सच्छिद्र दगड पुरतात. चालू खर्च मिठाचा. अशा टाकीत निव्वळ साठेक लिटर पाणी बसतं, म्हणजे पहिल्यांदा सव्वादोन किलोच्या आसपास मिक्स. दर पंधरवड्याला दहा लिटर बदललं तर वर्षाला दहा किलोही लागत नाही. पाणी बदलायचं ते नायट्रेट घालवायला नव्हे. ते काम शेवाळ करतं. बदलायचं ते शेवाळाने खाऊन संपवलेली बारीक मूलद्रव्यं परत देण्यासाठी.

स्किमरचा मुद्दा मला सगळ्यात मजेशीर वाटतो. स्किमर फेसाबरोबर पाण्यातली सेंद्रिय घाण कुजण्याआधीच बाहेर काढतो. उपयोगी यंत्र आहे, वाद नाही. पण ते नसेल तर मासे आठवड्यात मरतात म्हणणाऱ्यांनी १९६१ साल आठवावं. त्या वर्षी जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपल्या ‘नैसर्गिक’ टाक्यांविषयी लिहिलं. त्यांत समुद्रातले जिवंत दगड (जिवाणू आणि बारीक जीव वसलेले) होते, हवेचे बुडबुडे होते आणि खिडकीचं ऊन होतं, बाकी फारसं काही नव्हतं. पुढे अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर अ‍ॅडी यांनी तर पाणी शुद्ध करायचं कामच शेवाळाच्या गालिच्यांवर सोपवलं.

यामागचं रसायन सोपं आहे. मासा अमोनिया टाकतो. दगडांवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. शेवाळ नायट्रेट तर घेतंच, पण अमोनिया थेट घ्यायला त्याला अधिक आवडतं. हा नत्र त्याच्या अंगात साठतो. महिन्यातून एक-दोनदा मूठ-दोन मुठी शेवाळ काढून टाकलं की तो टाकीबाहेर गेला. छाटणी हाच इथला फिल्टर. दोन महिने छाटलंच नाही, तर तो फिल्टर तुंबलेला आहे असं समजा. वाढ इतकी दाट होते की खालचा थर अंधारात कुजायला लागतो.

मासे मरतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने. टाकी शनिवारी भरली आणि रविवारी सहा मासे सोडले, की जिवाणूंना वाढायला वेळच मिळत नाही. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि तिथे तोच अमोनिया गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त विषारी ठरतो. म्हणून आधी दगड, वाळू आणि शेवाळ घाला. काही आठवडे थांबा. अमोनिया आणि नायट्राइटची चाचणी शून्य दाखवायला लागली की मग एक-दोन मासे.

स्किमरबद्दल एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल: तो पाण्यात हवा भरपूर मिसळतो. तो नसेल तर ते काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच माशांबरोबर तो वापरतं. ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात प्राणवायू मुळातच लिटरला सहा मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, आणि आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर असल्याने आणखी थोडा कमी. म्हणून रात्री पाण्याचा पृष्ठभाग हलता हवा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुणेकराला सांगायला नको. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. तो चिलरपेक्षा कितीतरी आधी लागतो.

आता उन्हाळा. इथे मजकुरातली भीती अगदीच पोकळ नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ३८ ते ४० च्या घरात जातो आणि वरच्या मजल्यावरच्या घरात टाकीचं पाणी ३१-३२ अंशांवर सहज चढतं. पण पुण्याच्या उन्हाळ्याचा एक गुण आहे: हवा कोरडी असते. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने टाकीवर लावलेला छोटा पंखा काम करतो. साठ लिटरच्या टाकीतून अर्धा लिटर पाणी उडालं तर ते कागदावरच्या हिशेबाने पाचेक अंशांची उष्णता घेऊन जातं. खोली ती उष्णता परत देत राहते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-तीन अंशांचा उतार मिळतो. तेवढा पुरतो. मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा कमी चालतो, म्हणजे या एका बाबतीत समुद्रकाठापेक्षा आपण बरे. (मुंबईकरांना हे वाक्य आवर्जून पाठवावं.)

पंख्याची किंमत पाण्याच्या पातळीत मोजावी लागते. पाणी उडतं, मीठ उडत नाही. रोज अर्धा लिटर उडालं आणि दहा दिवस कुणी बघितलंच नाही, तर ३५ ची क्षारता ३८ वर जाते. म्हणून टाकीच्या काचेवर रेघ मारा आणि पातळी खाली गेली की साधं, बिनमिठाचं पाणी रोज घाला. पाणी कमी झालं म्हणून खारंच पाणी ओतणारे लोक आहेत, आणि त्यांचेच मासे मेल्याच्या कहाण्या मग गटांत फिरतात.

शेवाळ रात्रीत विरघळतं, या दाव्यावर थोडं थांबायला हवं, कारण हे खरंच घडतं आणि घडताना भयंकर दिसतं. पण ते सगळ्या शेवाळांचं नाही, मुख्यतः कॉलर्पाचं आहे. कॉलर्पा हे मोठं अजब प्रकरण. दिसायला त्याला धावती मुळं, दांडा, पानं असं सगळं असतं, आणि आतून ती अख्खी वेल म्हणजे एकच पेशी. आत भिंती नाहीत, केंद्रकं मात्र असंख्य. प्रजननाची वेळ आली की ही पेशी आतला सगळा जिवंत ऐवज सूक्ष्म प्रजननपेशींत बदलते आणि पाण्यात सोडून देते. मागे उरतो पांढुरका, पारदर्शक सांगाडा. पाणी हिरवट गढूळ होतं, आणि ते कुजायला लागलं की प्राणवायू कोसळतो. मासे मरतात ते यात.

पण हे इशारा दिल्याशिवाय येत नाही. आदल्या दिवशी पानांचा रंग उडतो, त्यांवर जाळीसारखी नक्षी दिसायला लागते. तेवढी वेल लगेच काढायची, एअर पंप जोरात लावायचा. नियमित छाटलेल्या वेलीत हा प्रकार कमी होतो असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. काढताना पानं कात्रीने कापत बसू नका, धावत्या मुळासकट अख्खी लांब वेल उपटून काढा. आणि एवढी डोकेदुखी नको असेल तर कॉलर्पा लावूच नका. कीटोमॉर्फा लावा. हिरव्या तारांचा गुंता, मुळं नाहीत, आणि असा एका रात्रीत कोसळण्याबद्दल त्याची ख्याती नाही. लाल रंग हवा तर ग्रॅसिलेरिया. हॅलिमिडा सुंदर दिसतं, पण ते अंगात चुना साठवतं, त्यामुळे पाण्यातल्या कॅल्शियमवर लक्ष ठेवावं लागतं. सुरुवातीला नको.

शेवाळ मरायचं आणखी एक कारण गमतीचं आहे: टाकी फार स्वच्छ असणं. मासे कमी, खाणं बेताचं, त्यात कुणीतरी हट्टाने स्किमर लावलेला. चाचणीत नायट्रेट शून्य येतं, मालक खूश होतो आणि शेवाळ उपाशी पडून फिकट होतं. तेव्हा माशांना थोडं जास्त खायला घालावं.

मासे कोणते? सर्जनफिश किंवा रॅबिटफिश नकोत. ते मोठे होतात आणि तुमची बागच खातात. क्लाऊनफिशची जोडी साठ लिटरांत राहते, आणि तिला अ‍ॅनेमोनी (समुद्रफूल) लागतेच असं नाही. भारतात सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) या माशांची बंदिस्त पैदास करून दाखवली आहे, तेव्हा दुकानदाराला पैदाशीचेच मासे मागा. पकडून आणलेल्यांपेक्षा ते कणखर असतात. एखादा छोटा गोबी मासा चालेल. आणि गल्लीतल्या दुकानात मिळणारी काळी मॉली! तिच्या टाकीत खारं पाणी थेंब थेंब सोडत, काही तास सावकाश क्षारता वाढवत नेली, की ती पूर्ण समुद्राच्या पाण्यात निवांत राहते, वर बारीक शेवाळ खुडत टाकी साफ ठेवते. राहता राहिला गप्पी. त्यालाही असंच हळूहळू सवयीचं केलं तर तो समुद्राच्या पाण्यात जगतो. सल्ला देणाऱ्याला हे ठाऊक नसावं.

प्रवाळाशिवाय मरीन टाकी नाही, या वाक्याला मात्र मी रुचीचा प्रश्न म्हणून सोडणार नाही. २००१ पासून आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्री घोडे आणि त्यांच्या कुळातले पाइपफिशही याच कायद्याखाली संरक्षित. समुद्रातून ते काढणं किंवा विकणं गुन्हा आहे, आणि मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा ‘शोभेचा दगड’ म्हणून आणला तरी सुटका नाही. दुकानात काचेमागे दिसतंय म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. नैसर्गिक खारी टाकी साध्या मार्गाने करायची तर शेवाळ हाच सरळ रस्ता आहे.

शेवाळ मिळवायचं कुठून? ज्याच्याकडे टाकी आहे त्याच्याकडे छाटणीचं शेवाळ नेहमीच जास्तीचं असतं, आणि तो ते आनंदाने देतो. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यांवर पावसाळा सरल्यावर, ओहोटीला उल्वा आणि ग्रॅसिलेरिया दिसतात. पण मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, तिथे हात लावायचा नाही.

छाटलेलं जास्तीचं शेवाळ गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून कुंडीच्या खतात टाका. ‘समुद्राचं समुद्राला’ म्हणून सुट्टीत अलिबागला नेऊन सोडू नका. कॉलर्पा टॅक्सिफोलिया नावाची टाक्यांतली एक जात १९८४ मध्ये मोनॅकोजवळच्या समुद्रात सापडली आणि तिथून भूमध्य समुद्रात पसरत गेली. २००० साली तीच कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात दिसली. तिथे तिचा समूळ नायनाट झाल्याचं जाहीर करायला २००६ उजाडलं.