सेल्माच्या पुलावर मार खाल्लेले नेते किंग नव्हते

एक मेसेज फिरतोय की 1965 मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या सेल्मात मार्टिन ल्युथर किंग मोर्चा घेऊन गेले आणि पुलावर पोलिसांनी त्यांचं डोकं फोडलं. असं झालेलं नाही. 7 मार्चला एडमंड पेटस पुलावर लाठीमार झाला तेव्हा किंग अटलांटात होते. मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सुमारे 600 लोकांच्या पुढे होते चळवळीतले कार्यकर्ते जॉन लुईस आणि होजिया विल्यम्स, त्यात कवटीला फ्रॅक्चर झालं ते लुईस यांच्या, वय फक्त 25, आणि त्यांचंच नाव गाळून मेसेज पुढे ढकलायचा हा सरळ अन्याय आहे.

पण म्हणून किंग सेल्मात नव्हतेच असंही कोणी म्हणू नका प्लीज. गावात निम्मे लोक कृष्णवर्णीय आणि मतदार यादीत त्यांची नावं मूठभर, त्यासाठीच ते जानेवारीपासून तिथे येत होते, 18 जानेवारीला हॉटेलात एका गोऱ्या माणसाने त्यांना मारलं (मेसेजमधली गल्लत कदाचित इथूनच), 1 फेब्रुवारीला अटक झाली. 9 मार्चला ते स्वतः पुलावर गेले पण कोर्टाची मनाई होती म्हणून माघारी फिरले. 21 ला त्यांच्या नेतृत्वाखाली निघालेला मोर्चा मात्र 25 ला राज्याच्या राजधानीत, मॉन्टगोमेरीला पोचला, आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला.