वजा दोन टक्के अभिनंदन

पगारवाढीचं पत्र बंद पाकिटातून द्यायची पद्धत ज्याने काढली, तो माणूस मनाने फार दयाळू असला पाहिजे. पाकीट फोडेपर्यंत तरी माणूस सुखात असतो. मी ते सुख दिवसभर खिशात वागवलं. संध्याकाळी घरी बायकोने पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचलं : "अभिनंदन! आपल्या वेतनात 5 टक्के वाढ करताना व्यवस्थापनास अत्यानंद होत आहे."

"अहो, आणि वर्षभरात महागाई किती वाढली?"

"सात टक्के. म्हणजे दोनाचाच फरक," मी उदारपणे म्हणालो.

तिने कॅल्क्युलेटर काढला. आमच्या घरात कॅल्क्युलेटर निघाला की मी आपोआप सावरून बसतो. ती म्हणाली, इथे वजाबाकी नाही, भागाकार करायचा. 105 भागिले 107. उत्तर आलं 0.981. गेल्या वर्षी पगारात जेवढं सामान घरात येत होतं, त्याच्या 98 टक्केच आता येणार. "म्हणजे तुमचा पगार कापलाय, आणि कापून वर अभिनंदन केलंय."

अर्थशास्त्रात याला वास्तव वेतन घटणं म्हणतात. आकडा फुगतो, पिशवी हलकी होते, आणि आकड्याकडे बघून खूश होणाऱ्या माणसाला द्रव्यभ्रम झालाय असं म्हणतात. मला तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत झाला होता. झकास दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब माणूस वाईट नाही, पण पगाराचा विषय निघाला की त्यांना कंपनी हे कुटुंब असल्याचं आठवतं. मी म्हटलं, कुटुंबात ओढाताण झाली की थोरले आधी आपल्या पानात कमी वाढून घेतात, इथे उलटं का? साहेबांनी विषय बदलला.

"हे बघा, पगार वाढवले की भाव वाढतात. मग पुन्हा पगार, पुन्हा भाव. चक्र आहे ते."

"साहेब, भाव आमच्या पगारासाठी थांबलेच नव्हते. ते केव्हाच पुढे गेलेत. आम्ही मागून धावतोय." आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास मी बाहेर काढला. बेल्जियममध्ये पगार महागाईच्या निर्देशांकाला बांधलेले असतात, म्हणजे भाव वाढले की पगार आपोआप वाढतो. 2023 च्या जानेवारीत तिथल्या लाखो कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे पगार एका झटक्यात 11.08 टक्क्यांनी वाढले. मालक मंडळी कुरकुरली, पण देश अजून नकाशावर आहे.

साहेब हसले. त्यांनीही अभ्यास केला होता. "इटलीतही होतं तसं. 1992 मध्ये बंद केलं त्यांनी." मग त्यांनी ठेवणीतला बाण काढला : "आणि पाच टक्के सगळ्यांना सारखेच दिलेत. शिपायालाही, संचालकालाही. याहून न्याय तो कोणता?"

मी गप्प झालो. घरी हे सांगितल्यावर बायकोने पुन्हा कॅल्क्युलेटर काढला. संचालकाच्या पाच टक्क्यांत शिपायाचा वर्षाचा पगार निघू शकतो. शिपायाच्या पाच टक्क्यांत काय निघणार? त्यात शिपायाचा बहुतेक पगार भाडं, किराणा आणि विजेतच जातो. अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 सालीच दाखवून दिलं होतं, की कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. टक्का सारखा असला तरी चिमटा सारखा नसतो. म्हणून अशा वर्षी टक्केवारी बाजूला ठेवून सगळ्यांना एकच ठोक रक्कम द्यावी, खालच्याला ती जास्त पुरते. हे मला केबिनमध्ये सुचायला हवं होतं. मला सगळं घरी आल्यावरच सुचतं.

आठवड्याभरात कंपनीने महागाईवर उपाय केलाच. 'आर्थिक आरोग्य' शिबिर. हजेरी सक्तीची, वेळ ऑफिस सुटल्यानंतरची. पडद्यावरच्या तज्ज्ञांनी सांगितलं, की प्रत्येक खर्च वहीत लिहा, अनावश्यक ते ओळखा आणि गाळा. मला अमेरिकेतल्या त्या जगप्रसिद्ध उपाहारगृहांच्या साखळीची आठवण झाली. 2013 साली तिने आपल्या कामगारांसाठी नमुना अंदाजपत्रक काढलं होतं. त्यात उत्पन्नाच्या बाजूला 'दुसरी नोकरी' अशी एक ओळच होती, आणि घर गरम ठेवायचा खर्च शून्य!

त्यापेक्षा मोटारवाला हेन्री फोर्ड हिशेबी. त्याने 1914 च्या जानेवारीत कामगारांना दिवसाला 5 डॉलर देऊ केले, ते दयेपोटी नव्हे. 1913 मध्ये माणसं इतकी सोडून जात होती, की वर्षाचं गळतीचं प्रमाण 370 टक्क्यांवर गेलं होतं. एका जागेसाठी वर्षाला जवळजवळ चार माणसं. नवी माणसं शोधून शिकवण्यापेक्षा जुनी टिकवणं स्वस्त, हा साधा हिशेब. मात्र त्या पाच डॉलरसाठी पात्र ठरायचं तर कंपनीचे तपासनीस घरी येऊन राहणीमान तपासायचे. आमच्या कंपनीने फोर्डचा फक्त उत्तरार्ध उचलला.

तरी मी वही घातली. आज्ञाधारकपणा हा माझा जुना आजार. महिनाभर सगळं लिहिलं आणि अनावश्यक खर्च शोधायला बसलो, तर एक गंमत झाली. ऑफिसला जाण्यायेण्याचा खर्च. ऑफिसला शोभणारे कपडे आणि इस्त्री. ऑफिसच्या कामासाठी माझ्या फोनचा रिचार्ज. घरून काम केलेल्या दिवसांची माझीच वीज. निरोप समारंभाच्या वर्गण्या (कंपनी सोडून जाणारे वाढल्यामुळे या खात्यात विलक्षण भरभराट होती). सर्वांत मोठा अनावश्यक खर्च नोकरी हाच निघाला.

वहीच्या शेवटच्या पानावर बायकोने तिच्या अक्षरात भागाकार मांडला. खाली लिहिलं : ठोक रक्कम द्या. अडीअडचणीला बिनव्याजी उचल द्या आणि ती लहान हप्त्यांत कापा, म्हणजे माणूस सावकाराच्या दारात जाणार नाही. प्रवासखर्च द्या. कामाच्या पाळ्या महिनाभर आधी सांगा. आणि शिबिराच्या आधी एकदा विचारा तरी, की अडतंय कुठे.

वही साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी पानं उलटली. वर्गण्यांपाशी थोडे थबकले; गेल्या महिन्यातल्या तीन निरोप समारंभांत भाषण त्यांचंच होतं. शेवटच्या पानावर मात्र ते बराच वेळ थांबले. मग उठून केबिनचं दार लावलं. खुर्चीत बसता बसता हळूच म्हणाले, "सगळ्यांना सारखेच म्हणालो होतो खरा, पण तुम्हाला पाच तरी मिळाले. आम्हा लोकांना चारच."

खणातून त्यांनी एक पाकीट काढलं. तसंच, अभिनंदनाचं. बाजूला कोरा कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं.

"ते 105 भागिले 107 जरा सावकाश सांगा. आणि माझ्यासाठी 105 च्या जागी 104 धरा. उद्या मला वर जायचंय."