बोर्ड उठला का?

लॅपटॉपवर लिनक्स टाकणाऱ्या लोकांचा मला मनापासून हेवा वाटतो. पेनड्राइव्ह खुपसायचा, चार वेळा ‘नेक्स्ट’ दाबायचं आणि चहाला जायचं. चहा संपेपर्यंत त्या लॅपटॉपने आपलं कुळगोत्र सांगून टाकलेलं असतं. आतल्या पीसीआय जोडणीवरचं प्रत्येक कार्ड विचारल्याबरोबर ‘मी अमक्या कंपनीचं, माझा नंबर तमका’ म्हणून मोकळं होतं. यूएसबीवाल्यांचीही तीच रीत. उरलीसुरली माहिती फर्मवेअरने, म्हणजे मशीनमध्ये आधीच भरलेल्या प्रोग्रामने, एसीपीआय नावाच्या तक्त्यांत मांडून ठेवलेली असते. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, फक्त वाचायचं काम.

माझ्या वाट्याला येणारे बोर्ड मुखदुर्बळ असतात. मी पुण्यात एम्बेडेड लिनक्सचं काम करतो. म्हणजे कोणीतरी तिकीट छापणारं, दूध तपासणारं किंवा असलंच काहीतरी मशीन बनवतं आणि त्याच्या पोटातल्या हिरव्या पाटीवर मी कर्नल चालवून द्यायचा. त्या पाटीवर तापमान मोजणारी चिप असते, पण ती आय-टू-सीच्या दोन तारांवर ढिम्म बसलेली असते. बरोब्बर तिच्या पत्त्यावर हाक मारली तरच ओ देते, आणि ओ दिली तरी आपण कोण हे सांगत नाही. मग कर्नलला हे सगळं सांगायचं कोणी? मी. मला कोणी सांगायचं? आमच्या हार्डवेअरच्या सरांनी. आणि सरांचं एकच वाक्य ठरलेलं: “हार्डवेअर ओके आहे.”

पूर्वी ही माहिती थेट सी भाषेत लिहून कर्नलमध्येच कोंबायचे. प्रत्येक बोर्डाची वेगळी फाइल आणि वेगळा नोंदणी क्रमांक. बूटलोडरने, म्हणजे कर्नलला उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, तो क्रमांक प्रोसेसरच्या आर-वन रजिस्टरमध्ये ठेवायचा आणि कर्नलने तो पाहून आपण कोणाच्या घरात आलो ते ओळखायचं. एआरएम जातीच्या प्रोसेसरचे बोर्ड पैशाला पासरी झाले, तशा या फाइलींचा डोंगर झाला. शेवटी मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा संयम सुटला आणि एआरएमवाल्यांच्या या पसाऱ्याबद्दल ते जे बोलले, ते इथे छापता येणार नाही. त्यानंतर मंडळींनी डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावरच्या भागांची झाडासारखी मांडलेली यादी, मनावर घेतली. कल्पना नवी नव्हती. सन कंपनीच्या वर्कस्टेशन्सवर आणि ॲपलच्या पॉवरपीसी मॅकवर ओपन फर्मवेअर अशीच झाडं बाळगून होतं. डिसेंबर २०१२ च्या ३.७ कर्नलपासून एकच कर्नल वेगवेगळ्या घराण्यांच्या एआरएम चिप्सवर चालायला लागला. आता बोर्डावर काय आहे ते एका वेगळ्या मजकुरात लिहायचं, त्याची बायनरी करायची आणि ती कर्नलच्या हाती द्यायची. या बायनरीच्या पहिल्या चार बाइट्स हेक्समध्ये (त्यात ए ते एफ ही अक्षरंही अंकच असतात) वाचल्या की ‘डूड फीड’ असं दिसतं. ज्यांनी हे ठरवलं ते त्या दिवशी नक्कीच मजेत असणार.

डिव्हाइस ट्रीचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ती भांडत नाही, आणि तोच तिचा दुर्गुण. चिपच्या मूळ फाइलीत बहुतेक सगळे भाग ‘डिसेबल्ड’ असतात. हवा तो भाग चालू करायला स्टेटसपुढे ‘ओके’ लिहायचं. ‘येस’, ‘ऑन’, ‘एनेबल्ड’ असं काही लिहिलंत तर कंपायलर हूं की चूं करत नाही, कर्नलही तक्रार करत नाही. तो भाग नुसता उठत नाही. सीमध्ये सेमीकोलन राहिला तर आकाशपाताळ एक होतं. इथे अख्खं इथरनेट गायब होतं आणि लॉगमध्ये त्याबद्दल एक अक्षर नाही.

आणि खरी दहशत त्या अक्षर नसण्याचीच आहे. बोर्डाचे निरोप आणणारी सिरियल केबल जोडून मी स्क्रीनवरच्या अंधाऱ्या खिडकीकडे बघत बसतो. यू-बूट हा आमचा बूटलोडर मोठ्या उत्साहाने मेमरी किती, कार्ड कुठलं ते सांगतो आणि शेवटी लिहितो, ‘स्टार्टिंग कर्नल’, पुढे तीन टिंबं. त्या तीन टिंबांनंतर काही म्हणजे काही नाही. कर्सर सुद्धा हलत नाही. आता यातून काय समजायचं? कर्नल मेला असेल. मेमरीचं टायमिंग चुकलं असेल. डिव्हाइस ट्री चुकीच्या पत्त्यावर उतरली असेल. किंवा सगळं सुरळीत असेल आणि कर्नल दुसऱ्याच कुठल्या तरी पोर्टवर मन मोकळं करत असेल.

ही शेवटची शक्यता थट्टेची नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ज्या चिपवर आम्ही काम करत होतो, तिच्या सिरियल पोर्टला जुन्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे तो पोर्ट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, ‘टीटीवाय’पुढे इंग्रजी ओ आणि मग शून्य असं नाव होतं. नव्या ड्रायव्हरमध्ये ओच्या जागी एस आला. ओ आणि शून्य शेजारी शेजारी ठेवून नाव देणाऱ्याला काही तरी शिक्षा व्हायला हवी, पण ते असो. जुन्या प्रॉजेक्टमधून वारशात आलेल्या बूट कमांडमध्ये अजून ओच होता. कर्नल इमानदारीत उठत होता, मेमरी मोजत होता, कार्ड माउंट करत होता, आणि हे सगळं नसलेल्या पोर्टला सांगत होता. सहज म्हणून कोणीतरी त्या बोर्डाला पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली, आणि उत्तर आलं! सकाळपासून ज्याच्यासाठी सरांचा ऑसिलोस्कोप अडवून ठेवला होता, तो पहिल्या सेकंदापासून ठणठणीत होता. सर काही बोलले नाहीत. नुसते हसले, ते जास्त लागलं.

मॅनेजरना यातलं काहीच नको असतं. दर तासाला येऊन ते एकच विचारतात, “बोर्ड उठला का?” यावर एक शास्त्रशुद्ध उत्तर उपलब्ध आहे. टचस्क्रीनच्या ड्रायव्हरला वीजपुरवठ्याचा ड्रायव्हर हवा असतो, तो अजून आलेला नसतो, अशा वेळी टचस्क्रीनवाला उणे ५१७ हा एरर देतो. अर्थ असा, की सध्या जमत नाही, नंतर पुन्हा विचारा. टाळाटाळीला अधिकृत क्रमांक देणाऱ्या कर्नलकारांना माझा दंडवत. आमच्या टीममध्ये आता कोणी “रिपोर्ट झाला का” विचारलं की उत्तर येतं, “पाचशे सतरा.”

आय-टू-सीच्या पत्त्यांवरून सरांशी होणारी चकमक वार्षिक आहे. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, ईईप्रॉम या मेमरी चिपचा पत्ता लिहायला ए-शून्य आणि वाचायला ए-एक असा दिलेला. लिनक्सला शेवटचा वाचन-लेखनाचा बिट वगळून सात बिटांचा पत्ता लागतो, म्हणजे हेक्समध्ये ५०. सर म्हणतात, “डेटाशीटमध्ये ए-शून्य छापलंय, मग तू पन्नास कुठून आणलास?” मी कागदावर बिट मांडून दाखवतो. सर कागद बघतात, मान डोलावतात आणि पुढच्या बोर्डाच्या कागदपत्रांत पुन्हा ए-शून्य लिहून पाठवतात.

पण सगळ्यात रंगलेला प्रसंग डिस्प्लेचा. ग्राहक कंपनीचे लोक बोर्ड बघायला येणार होते. बोर्ड सुरू केला, कोपऱ्यात लिनक्सचा पेंग्विन आला, त्यांचा लोगो आला. मॅनेजरनी हात पसरून सांगायला सुरुवात केली, “तर सर, हे आपलं...” आणि स्क्रीन काळी ठिक्कर. पुन्हा सुरू केला. पेंग्विन, लोगो, अर्धा मिनिट, काळोख. पाहुण्यांनी नम्रपणे विचारलं, “हा स्क्रीनसेव्हर आहे का?” मॅनेजर “हो” म्हणाले.

“हार्डवेअर ओके आहे,” सर लगेच म्हणाले, आणि या वेळी ते खरं होतं. झालं होतं असं: बोर्ड उठून साधारण तीस सेकंद झाली की नवा कर्नल सगळ्या वीजपुरवठ्यांवरून नजर फिरवतो आणि ज्याच्यावर कोणी हक्क सांगितलेला नाही, तो बंद करतो. आमचे बाबा असेच घरभर फिरून रिकाम्या खोल्यांतले दिवे घालवतात, बाथरूममध्ये कोणी आहे की नाही याची चौकशी न करता. पॅनेलच्या कंपनीने पाठवलेला ड्रायव्हर आपली वीज कुठून येते याचा उल्लेखच करत नव्हता. बूटलोडरने दिवा लावून ठेवला होता, त्यावर त्याचं भागत होतं. लॉगमध्ये त्या पुरवठ्याचं नाव आणि पुढे ‘डिसेबलिंग’ एवढीच नोंद, जन्ममृत्यूच्या रजिस्टरसारखी कोरडी. डिव्हाइस ट्रीमध्ये ‘ऑलवेज ऑन’ची एक ओळ घातली आणि काम भागलं. योग्य उपाय ड्रायव्हरला हक्क सांगायला शिकवण्याचा आहे, हे मला माहीत आहे. पण पाहुणे जिन्यापर्यंतच पोचले होते.

त्या रात्री घरी बायकोने विचारलं, “आज काय केलंस?” म्हटलं, “एक दिवा चालू ठेवला.” तिने पोळ्या वाढल्या. तिला आता सवय झाली आहे.

मग बोर्डाची दुसरी आवृत्ती, रेव्ह-बी, आली. नवा बोर्ड आला की मी सरांना विचारतो, काय काय बदललंय?

“काही नाही रे. ट्रान्झिस्टर टाकलाय एक फक्त. बॅकलाइटच्या एनेबलला.”

“सर, मग सिग्नल उलटा झाला. आधी वर केला की दिवा लागायचा, आता खाली केला की लागेल.”

“हो, पण ते तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये एका शब्दाचं काम ना?”

कोणालाही असंच वाटेल. डिव्हाइस ट्रीतल्या पिनच्या ओळीत ‘ॲक्टिव्ह हाय’चं ‘ॲक्टिव्ह लो’ केलं की झालं. पण बॅकलाइटचा हा वीजपुरवठा ‘फिक्स्ड रेग्युलेटर’ जातीचा, आणि त्याच्यासाठी कर्नल पिनच्या ओळीतला शब्द मोजतच नाही. खाली ‘एनेबल ॲक्टिव्ह हाय’ नावाची वेगळी ओळ आहे की नाही, एवढंच बघतो. जुन्या फाइलीत ती ओळ होती. म्हणून बदल करूनही दिवा लागला नाही आणि लॉगमध्ये कर्नलने स्वच्छ शब्दांत कळवलं, की तुम्ही ॲक्टिव्ह लो म्हटलेलं आहे, त्याकडे दुर्लक्ष केलेलं आहे. निदान कळवलं तरी.

खालची ओळ उडवली, दिवा लागला. सर चहाचा कप घेऊन मागे उभेच होते. “बघ, हार्डवेअर ओके होतं ना?” म्हणाले आणि जाता जाता थांबले. “हां, आणि ऐक. रेव्ह-सीमध्ये तो ट्रान्झिस्टर काढतोय. पर्चेसवाले म्हणतात, बोर्डामागे चाळीस पैसे वाचतात.”