कट्टा: सीयूईटीची इंग्रजी आणि नंदूची पीडीएफ

विषय पक्याने काढला. भाचीला दिल्ली विद्यापीठात जायचंय, तेव्हा सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आलीच. बाकी विषयांची काळजी नाही, इंग्रजीत शब्दांवर अडते. झालं, नंदूने फोन काढला.

"तीन हजार शब्द. एबीसीडीच्या क्रमाने, समोर मराठी अर्थ. रोज शंभर. महिन्यात खलास!"

नंदूकडे कशाचीही पीडीएफ असते. गुडघेदुखीचीसुद्धा.

"खलास कोण, शब्द की पोरगी?" मेधा म्हणाली. ती याच वयाच्या पोरांना शिकवते. "तुझ्या यादीत 'ॲव्हर्स'चा अर्थ काय?"

"विरुद्ध, प्रतिकूल."

"आणि 'ॲडव्हर्स'चा?"

नंदूने बोट फिरवलं. "प्रतिकूल... विरुद्ध."

"मग दोन्ही पर्यायांत आले की ती काय करणार? परिस्थिती ॲडव्हर्स असते. माणूस ॲव्हर्स, म्हणजे नाखूश असतो, आणि त्या शब्दामागे 'टू' लागतं. गाळलेली जागा नेमकं हेच विचारते. त्यात तुझा एबीसीडीचा क्रम! सारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी घोकले की गुंता होतो. एक पक्का झाला की आठवड्याने दुसरा."

मला हे शंभर टक्के पटतं. शब्दांच्या याद्यांनी पोरांचे महिनेच्या महिने वाया जातात.

"मग करायचं काय, ते सांग," पक्या.

"रोज दहाच शब्द. कार्डाच्या पुढच्या बाजूला वाक्य, शब्दाची जागा मोकळी. मागे तो शब्द, एक समानार्थी, एक विरुद्धार्थी. वाक्य अग्रलेखातून किंवा जुन्या पेपरातून घ्यायचं, मनाने रचायचं नाही. उजळणी एक, तीन, सात, पंधरा आणि तीस दिवसांनी. चुकलं की कार्ड परत पहिल्या दिवसावर. महिन्याभराने रोज दहा नवी, पन्नास जुनी कार्डं होतात. अर्ध्या तासाचं काम. गठ्ठा दरवेळी पिसायचा, नाहीतर पोरं क्रमच पाठ करतात. आणि कार्ड उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणायचं. नुसतं वाचत गेलं की सगळं येतंय असं वाटतं, आणि पेपरात काही सुचत नाही."

"त्यापेक्षा शब्दांची मुळं शिका," नंदू हटेना. "'इन' म्हणजे नाही. हजार शब्द फुकटात!"

"पेट्रोलच्या टँकरवर 'इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. जा, शेजारी उभा राहून विडी ओढ."

सुहासच्या तोंडातला चहा बाहेर आला.

"मुळं निरुपयोगी नाहीत," मेधाने पुढे सांगितलं. "शब्द अजिबात ओळखीचा नसेल तेव्हा कामाला येतात. 'मॅल' बहुधा वाईट, 'बेने' चांगलं, तेवढ्यावर दोन पर्याय उडतात. २०२५ पासून पन्नासच्या पन्नास प्रश्न सोडवायचे, साठ मिनिटांत. बरोबरला पाच, चुकलं तर वजा एक. दोन पर्याय उडवून ठोकलं तर सरासरी दोन मार्क मिळतात, डोळे मिटून चारांतून ठोकलं तर अर्धा."

"हे बारावीत कुणी सांगितलं असतं तर!" सुहास म्हणाला. "पण माझी डिक्शनरी तेव्हा नंदूकडे होती. अजून आहे."

"पहिली पानं फाटली होती तिची."

"देताना नव्हती फाटली!"

तेवढ्यात पक्याचा फोन वाजला. नंदूने पीडीएफ पाठवलीच होती. पक्याने दोनदा दाबून पाहिलं.

"अरे, उघडतच नाही."

"तू तरी कधी उघडली होतीस का रे नंद्या?" मेधाने विचारलं. तो काय म्हणाला ते हसण्यात कुणाला ऐकूच आलं नाही.